संख्या लिहिण्याच्या रीती वर्गात शिकवताना

वेगवेगळ्या संस्कृतींच्या संख्यापद्धती शिकवायच्या म्हटलं की पाठ बहुधा एका तक्त्यावर येऊन थांबतो. मुलं चिन्हं वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेनंतर विसरतात. माझं मत असं, की चिन्हं थोडीच द्यावीत, पण त्या चिन्हांत हिशोब करायला लावावा. पुढची कल्पना कोणत्या अडचणीतून निघाली, ते हिशोब करतानाच कळतं.

सुरुवात इजिप्तपासून करावी. तिथे एकासाठी उभी रेघ, दहासाठी कमान, शंभरासाठी दोराचं वेटोळं. २७६ लिहायला दोन वेटोळी, सात कमानी, सहा रेघा अशी १५ चिन्हं लागतात आणि त्यांचा क्रम बदलला तरी किंमत तीच राहते. आता यातून ३८ वजा करायला सांगा. सहा रेघांतून आठ जात नाहीत, म्हणून एक कमान खोडून दहा रेघा काढाव्या लागतात. दशक सुटा करणं म्हणजे काय, ते इथे डोळ्यांना दिसतं. मग ९९९ लिहायला सांगा. २७ चिन्हं काढता काढता मुलं स्वतःच दुसरी रीत शोधू लागतात.

बॅबिलोनच्या लेखनिकांना ती सुमारे ४,००० वर्षांपूर्वी सापडली होती. मातीच्या ओल्या पाटीवर ते दोनच खुणा उमटवत: एकासाठी उभी पाचर, दहासाठी कोन. या दोहोंतून ५९ पर्यंतच्या संख्या होत. ६० ला पुन्हा तीच उभी पाचर, फक्त डावीकडच्या घरात. म्हणजे ७५ साठी एक पाचर, थोडी मोकळी जागा, मग एक कोन आणि पाच पाचरी. तासाची ६० मिनिटं याच साठाच्या पायावरून आपल्यापर्यंत आली. पण ३६०१ कसे लिहायचे? मधलं घर रिकामं आहे, आणि नुसत्या दोन पाचरी काढल्या तर ते ६१ वाटतात किंवा चक्क २. रिकाम्या घरासाठी वेगळी खूण बॅबिलोनमध्ये फार उशिरा, इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या काही शतकांत रुळली. तीही संख्येच्या शेवटी लिहीत नसत, त्यामुळे १ आणि ६० यांतला फरक संदर्भावरूनच ओळखावा लागे.

रिकाम्या घराची खूण आणि शून्य ही संख्या, या दोन निराळ्या पायऱ्या आहेत. वर्गात त्यांची सरमिसळ होते, ती टाळायला हवी. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-वजाबाकीचे नियम दिले, तेव्हा शून्य स्वतः हिशोबात उतरलं. मध्य अमेरिकेतल्या माया लोकांनी तर स्वतंत्रपणे, विसाच्या पायावर, शिंपल्यासारखं शून्यचिन्ह वापरलं.

हा सगळा प्रवास म्हणजे ‘मागासलेल्या’ रीतींपासून आपल्या रीतीपर्यंतची शिडी, असं मात्र सांगू नये. पापुआ न्यू गिनीतले ओक्सापमिन लोक एका हाताच्या अंगठ्यापासून दंड, खांदा, कान, डोळा करत नाकावर १४ मोजतात आणि दुसऱ्या हातावर २७ ला पोचतात. लेखणी लागत नाही.

माझं सर्वांत आवडतं उदाहरण अलीकडचं आहे. अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावरच्या काकटोविक गावातल्या शाळकरी मुलांची इनुपियाक भाषा विसाच्या पायावर मोजते, आत पाच-पाचाचे गट करून. नेहमीचे दहा अंक तिला पुरेनात. म्हणून १९९४ च्या सुमारास मुलांनीच नवे अंक रचले. खालच्या रेघा एककाच्या, वरच्या पाचाच्या. १९ मध्ये खाली चार, वर तीन. त्यातून ७ काढायचे तर खालच्या दोन आणि वरची एक रेघ उचलायची. उरलेल्या रेघा १२ दाखवतात. २०२२ मध्ये या अंकांना युनिकोडमध्येही स्थान मिळालं.

असाच प्रयोग कोणत्याही वर्गात करता येईल. मुलांना पाचाचा पाया द्यावा, चिन्हं त्यांनाच ठरवू द्यावीत आणि काही बेरजा झाल्या की २५ लिहायला सांगावं.