जूनमधले दोन जोड : मुलांच्या बुटांची पार्श्वभूमी

महाराष्ट्रात शाळा आणि पाऊस साधारण एकाच वेळी सुरू होतात. जूनच्या मध्यावर शाळेची घंटा वाजते (विदर्भात उन्हामुळे थोडी उशिरा) आणि त्याच सुमारास घरात दोन जोड येतात : गणवेशातले काळे बूट आणि पावसाळी सँडल. काळे बूट नवेकोरे असतानाच खोक्यात जातात. शाळाही पाऊस ओसरेपर्यंत सँडल चालवून घेते. गणपतीनंतर केव्हातरी काळे बूट बाहेर निघतात, तोवर मुलाचा अंगठा पुढे टेकायला लागलेला असतो. दरवर्षी हेच होतं आणि दरवर्षी काळे बूट जूनमध्येच घेतले जातात. कारण मुलांचे बूट आपण पाय बघून घेत नाही, कॅलेंडर बघून घेतो. ही सवय जेमतेम शंभर वर्षांची आहे.

त्याआधी लहान मुलाच्या पायात काही असलंच तर ते हौसेचं किंवा उबेचं. चांदीचे वाळे, थंडीत आजीने विणलेले लोकरीचे बूट, एवढ्यावर पहिलं वर्ष सरायचं. चालायला लागलेलं मूल अनवाणीच हुंदडायचं. गावगाड्यात वहाणा करणारा चर्मकार बलुतेदार होता. मोट शिवायची, वहाणा करायच्या, तुटल्या तर सांधून द्यायच्या, आणि मोबदला सुगीला धान्यातून. कर्त्या माणसाला धड जोड मिळाला तरी पुष्कळ होतं, तिथे काही महिन्यांत आखूड होणाऱ्या जोडासाठी कातडं कोण खर्ची घालणार? आणि प्रश्न नुसता पैशांचाही नव्हता. सवर्णांच्या आळीतून जाताना दलितांनी वहाणा काढून हातात घ्यायच्या, अशी रीत कित्येक गावांत होती. ज्यांनी त्या वहाणा शिवल्या त्यांनाही ती चुकली नाही. वर्गातल्या सगळ्या मुलांच्या पायात एकसारखे बूट असावेत ही कल्पना आज रटाळ वाटते. हा इतिहास लक्षात घेतला तर तिच्याकडे जरा आदराने पाहावं लागतं.

आपल्या जुन्या पादत्राणांकडे पावसाचं उत्तर मात्र नव्हतं. कोल्हापुरी चप्पल घ्या. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं तिचं कातडं कोरड्या रस्त्यावर वर्षानुवर्षं टिकतं, पण पाणी प्यायलं की फुगतं आणि वाळलं की ताठर होतं. 2019 मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यातले आठही जिल्हे, महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर, हे घाटापलीकडच्या देशातले. कोकण त्यात नाही. पावसाळ्यात कोल्हापुरी माळ्यावर जायची आणि शेतात, चिखलात, शाळेच्या वाटेवर पाय उघडेच असायचे.

बूट मुलांपर्यंत आले ते कारखान्यातून. चेक प्रदेशातल्या झ्लीन गावी 1894 मध्ये सुरू झालेल्या बाटा कंपनीने 1931 मध्ये भारतात नोंदणी केली आणि काही वर्षांतच कोलकात्याजवळ बाटानगर उभं राहिलं. तोपर्यंत बाजारात जपानहून येणारे स्वस्त रबरी-कॅनव्हास बूट होते. ज्या देशातले बहुतेक लोक अनवाणी चालतात तिथे बूट विकायचे कसे, याचं बाटाने काढलेलं एक उत्तर त्या काळच्या तिच्या जाहिरातीत दिसतं : धनुर्वातापासून सावध राहा, लहानशी जखमही घातक ठरू शकते, म्हणून बूट घाला. शोभेचं नावही नाही, सरळ भीती. पण भीती खोटी नव्हती. उघड्या पावलांतून रोग शिरतो हे तेव्हा जगभर नव्याने लोकांपुढे येत होतं. आर्थर लूस या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कैरोमध्ये अंकुशकृमीच्या, म्हणजे आतड्यात राहणाऱ्या एका जंताच्या, अळ्या कातडीतून शरीरात जातात हे शोधलं होतं, तेही आधी स्वतःच्या हातावर अळ्यांचं पाणी सांडल्यामुळे. अमेरिकेच्या दक्षिण भागात 1909 ते 1914 या काळात तेलसम्राट रॉकफेलर यांच्या पैशातून या कृमीविरुद्ध मोहीम झाली, तिच्यात संडास बांधा आणि मुलांच्या पायात बूट घाला हे दोन्ही सांगितलं गेलं. ओल्या मातीत अनवाणी खेळणाऱ्या मुलांच्या आपल्या देशालाही हे लागू होतं.

बाटाचा नमुना मात्र युरोपी शाळेचा होता : बंद, काळा, नाडीचा, आत मोजे. मुलींसाठी बकलाचा पट्टा. इंग्रजी धाटणीच्या शाळांतून तो मराठी शाळांत उतरला आणि गणवेशाचा भाग होऊन बसला. थंड हवेत हा बूट शहाणपणाचा आहे. आपल्याकडे जुलैत त्याचं कातडं बुरसतं आणि एप्रिलमध्ये आतला मोजा पिळून काढावा लागतो. खरं तर त्याच्या जोडीला आलेला शनिवारचा पांढरा कॅनव्हासचा बूट आपल्या हवेला कितीतरी बरा. कापडातून हवा खेळते, तो धुता येतो, उन्हात ठेवला की वाळतो. त्याला कमीपणा आला तो पांढऱ्या रंगामुळे. शुक्रवारी रात्री त्याला पांढरं पॉलिश फासायचं, आणि ते संपलं असेल तर वर्गातून आणलेला खडू. रंग काळा किंवा तपकिरी ठेवून हाच बूट रोजचा केला असता तर पालकांचे पैसे आणि मुलांचे पाय दोन्ही सुखात राहिले असते.

नंबरही इंग्रजीच आले. ब्रिटिश मापात एक नंबर म्हणजे जवाच्या एका दाण्याची लांबी, इंचाचा तिसरा भाग, सुमारे साडेआठ मिलिमीटर. मोजणी चार इंचांपासून सुरू होते, 13 पर्यंत जाते आणि पुन्हा 1 वर येते. म्हणून दुसरी-तिसरीतल्या मुलाचा नंबर एका वर्षी 13 आणि पुढच्या वर्षी 1 निघतो, आणि दुकानात नवख्या आईवडिलांची त्रेधा उडते. एक ते तीन वर्षांच्या मुलाचं पाऊल महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढतं, म्हणजे पाच-सहा महिन्यांत पूर्ण नंबर बदलतो. शाळकरी वयात वाढ महिन्याला मिलिमीटरच्या आसपास येते. त्यामुळे जूनचा बूट मार्चपर्यंत पुरावा ही अपेक्षा मुळात जास्तीची, आणि तिच्यावर आपण शोधलेला तोडगा म्हणजे ‘वाढत्या अंगाचा’ बूट. सदरा वाढत्या अंगाचा चालतो, बाह्या दुमडता येतात. बूट दोन नंबर मोठा घेऊन पुढे कापूस कोंबला की पाय आत सरकत राहतो, मूल बोटं आखडून बूट धरून ठेवतं आणि टाचेला फोड येतो. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा पुरते. त्याहून जास्त नको.

पावसाची गोष्ट रबराची. कच्चं रबर उन्हात वितळतं, थंडीत तडकतं. 1839 मध्ये चार्ल्स गुडइयर याला गंधक घालून ते पक्कं करण्याची रीत सापडली आणि त्यातून पुढे गमबूट आला. आपल्याकडे सुरेंद्रमोहन बोस यांनी 1920 मध्ये बंगालमध्ये सुरू केलेल्या कारखान्याचं ‘डकबॅक’ हे नाव रेनकोटाशी इतकं जुळलं की मुंबई-पुण्याच्या दोन पिढ्यांना वेगळं सांगावं लागलं नाही. पण मुलांच्या पावसाळ्याचा खरा कायापालट केला प्लास्टिकच्या सँडलने. वितळलेलं पीव्हीसी साच्यात दाबलं की अख्खा सँडल एकसंध बाहेर येतो. शिवण नाही, डिंक नाही, त्यामुळे पाण्याने उकलायला काही उरतच नाही. स्वस्तही तितकाच. पट्टा तुटला तर रस्त्याकडेचा गटई कामगार नायलॉनच्या दोऱ्याने टाका घालून देतो, आणि तो टाका बहुधा पाऊस संपेपर्यंत तग धरतो.

सँडल उघडा हवा की बंद, यावर पालकांचं एकमत कधीच झालेलं नाही, आणि दोघांचंही थोडंथोडं बरोबर आहे. बंद प्लास्टिकच्या बुटात पाणी शिरलं की निघत नाही. ओले मोजे दिवसभर पायात राहिले की बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. रोजच्या रिमझिमीत चारी बाजूंनी पाणी वाहून जाईल असा, मागे पट्टा असलेला सँडल बिनमोज्याने घालणं सगळ्यांत बरं. साचलेल्या पाण्याचा हिशेब वेगळा. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यानंतरच्या आठवड्यांत मुंबईत लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण वाढले. उंदरांच्या मुतातले जंतू पाण्यात मिसळतात आणि पायावरच्या खरचटलेल्या जागेतून आत जातात. तेव्हापासून दर पावसाळ्यात पालिका गमबुटाची आठवण करून देते. गमबूट कामाचा तो पाणी त्याच्या काठाखाली असेपर्यंतच. वरून पाणी शिरलं की लहान मुलाला तो उचलवत नाही.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत या जागेवर फोमचे भोकाभोकांचे क्लॉग आले. 2002 मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये निघालेला हा प्रकार, आता त्याच्या नकला आठवडी बाजारातही मिळतात. हलके, धुवायला सोपे, मुलांना स्वतः घालता येणारे. दोन गोष्टी मात्र बघाव्यात. तळ गुळगुळीत झाला की ओल्या फरशीवर ते घसरतात. आणि सरकत्या जिन्याच्या कडेला मऊ फोम आत ओढला जाऊ शकतो. अशा अपघातांनंतर 2008 मध्ये जपान सरकारने उत्पादकाला रचना बदलायला सांगितलं होतं.

पायाचं शास्त्र या सगळ्याच्या बरंच मागून आलं. 1920 च्या दशकापासून अमेरिका-इंग्लंडच्या दुकानांत मुलांचे पाय बुटासकट क्ष-किरणांखाली दाखवणारी यंत्रं असायची. पोरं हौसेने बोटं हलवून बघायची, आणि किरणोत्सर्गाचा धोका ध्यानात आल्यावर पन्नाशीच्या दशकात त्यांच्यावर बंदी यायला लागली. दुसरी फॅशन ‘सुधारक’ बुटांची : सपाट तळव्याला कमान यावी म्हणून आत उंचवटा असलेले ताठ बूट. 1989 मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीने दाखवलं की तीन वर्षं असे बूट घातलेली आणि न घातलेली मुलं यांच्या तळव्यांत फरक पडत नाही. आपल्याकडे अजूनही पहिल्याच भेटीत असे बूट लिहून दिले जातात, म्हणून हे सांगायला हवं. लहान मुलाच्या तळव्याला चरबीची गादी असते. कमान पहिल्या आठ-दहा वर्षांत हळूहळू दिसू लागते.

सगळ्यांत मोलाचा अभ्यास आपल्या शेजारचा आहे. कर्नाटकातल्या मणिपालच्या उदय भास्कर राव आणि बेंजामिन जोसेफ या डॉक्टरांनी 4 ते 13 वयाच्या 2300 मुलांच्या पाऊलखुणा तपासल्या आणि 1992 मध्ये निष्कर्ष छापले. पादत्राण वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्यांचं प्रमाण 8.6 टक्के, अनवाणी मुलांत 2.8 टक्के. बंद बूट घालणाऱ्यांत ते सगळ्यांत जास्त होतं, सँडल आणि चपला घालणाऱ्यांत कमी. ज्यांचे सांधे जन्मतः सैल, त्यांच्यात हा फरक ठळक दिसला. अशा पाहणीतून कार्यकारण सिद्ध होत नाही हे खरं. पण हा प्रश्न विचारता आला तो इथेच. एकाच भागात इतकी अनवाणी आणि इतकी बूट घातलेली मुलं लंडनला कुठून मिळणार? पालकाने यातून एवढं घ्यावं : घरात आणि स्वच्छ मैदानात मुलाला अनवाणी राहू द्यावं आणि बाहेरचा बूट पुढून वाकणारा घ्यावा. वाकवून बघायचा, बोटांच्या सांध्यापाशी दुमडला पाहिजे, मधोमध नाही.

काही मुलांना मात्र बूट म्हणजेच उपचार. जन्मतः आत वळलेली पावलं डॉक्टर इग्नासिओ पोन्सेती यांच्या पद्धतीने आठवड्या-आठवड्याला प्लास्टर बदलून सरळ करतात. मग दांडीला जोडलेले खास बूट पहिले तीन महिने जवळजवळ दिवसभर आणि पुढे चार-पाच वर्षांचं होईपर्यंत झोपेत घालावे लागतात. ते मध्येच सोडले की पाऊल पुन्हा वळण्याची भीती असते. 2013 मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी यादीत हे व्यंग आहे, त्यामुळे अंगणवाडीत येणाऱ्या पथकाला पाय दाखवायला लाजू नये.

चालताना पीं पीं वाजणारे बूट आणि टाच टेकली की दिवे लागणारे बूट यांच्याबद्दल थोडक्यात. दिव्यांच्या बुटांची लाट 1992 च्या सुमारास अमेरिकेत उठली. सुरुवातीच्या काही जोडांत दिवा लावणाऱ्या कळीत पारा होता, त्यावर मिनेसोटा राज्याने आक्षेप घेतल्यावर तो काढला गेला. शिट्टीच्या बुटांनी शेजाऱ्यांची झोप सोडून कोणाचं नुकसान केल्याचं ऐकिवात नाही.

2023 मध्ये राज्य सरकारने सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या पहिली ते आठवीच्या मुलांना एक जोड बूट आणि दोन जोड पायमोजे मोफत द्यायचं ठरवलं, दर मुलामागे 170 रुपये. अनवाणी येणाऱ्या मुलासाठी हे मोठं पाऊल आहे, पण या पैशांत मिळणारा बंद बूट मराठवाड्याचा उन्हाळा आणि कोकणचा पावसाळा या दोन्हींना तोंड देईल, ही अपेक्षा कागदावरच राहणार. त्याऐवजी जाड तळाचा, मागून पट्ट्याचा सँडल दिला असता तर मोज्यांचा खर्चही वाचला असता.

मापाचं काम आता चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने हाती घेतलं आहे. डिसेंबर 2021 ते मार्च 2022 या काळात देशभरात 79 ठिकाणी 1,01,880 लोकांची पावलं मोजली गेली. भारतीय पाऊल युरोपी-अमेरिकी मापांपेक्षा रुंद असल्याचं त्यातून दिसलं. त्यावरून ‘भा’ नावाची आठ गटांची मापपद्धत सुचवली आहे, आणि त्यांतले सहा गट बाळांपासून तेरा-चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांचे आहेत. ती दुकानात येईपर्यंत संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, मुलाला उभं करून दोन्ही पावलं कागदावर आखून न्यावीत आणि मोठ्या पावलाचा नंबर घ्यावा. काळे बूट शक्यतो सप्टेंबरमध्ये.