सिकलसेल जनुक

रक्तातील हीमोग्लोबिन या प्रथिनाची बीटा साखळी ज्या जनुकावरून तयार होते, त्या जनुकाचे एक बदललेले रूप. हे जनुक माणसाच्या 11 व्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर असते. त्यातील एकच क्षारक (डीएनएच्या क्रमातील एक ‘अक्षर’) बदलल्याने नेहमीच्या ‘हीमोग्लोबिन ए’ऐवजी ‘हीमोग्लोबिन एस’ तयार होते. ऑक्सिजन सोडून दिल्यावर हीमोग्लोबिन एसचे रेणू एकमेकांना चिकटून त्यांचे ताठ तंतू बनतात, त्यामुळे लाल रक्तपेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि लवकर फुटते. निरोगी लाल पेशी सुमारे 120 दिवस टिकते, तर सिकलसेलग्रस्त व्यक्तीची पेशी साधारणपणे 10 ते 20 दिवसच टिकते. वेदनेचे झटके, पंडुरोग, प्लीहेची हानी, जंतुसंसर्ग व पक्षाघात ही पुढची सारी लक्षणे यातूनच उद्भवतात. मेंडेलच्या नियमांपासून थेट डीएनएच्या अक्षरापर्यंतचा माग ज्या मानवी जनुकांच्या बाबतीत सर्वांत आधी लागला, त्यांत हे जनुक अग्रभागी असल्याने आनुवंशिकीच्या इतिहासात त्याला मोठे महत्त्व आहे.

आनुवंशिकता : माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या 23 जोड्या असतात व प्रत्येक जोडीतील एक गुणसूत्र आईकडून, तर दुसरे वडिलांकडून येते. म्हणून बीटा ग्लोबिन जनुकाच्याही दोन प्रती असतात. दोन्ही प्रती सामान्य असल्यास ‘एए’, एक बदललेली असल्यास ‘एएस’ म्हणजे वाहक, आणि दोन्ही बदललेल्या असल्यास ‘एसएस’ म्हणजे सिकलसेलग्रस्त, अशी नोंद केली जाते. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत मूल एसएस असण्याची शक्यता एक चतुर्थांश, वाहक असण्याची निम्मी आणि एए असण्याची एक चतुर्थांश असते. पहिले मूल ग्रस्त निघाले म्हणून पुढच्या गर्भधारणेतील ही शक्यता कमी होत नाही, आणि समुपदेशनात ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते. एका प्रतीत एस आणि दुसरीत बीटा थॅलॅसेमियाचा (बीटा साखळी पुरेशी तयार न होण्याचा) दोष असेल तरीही रोग होतो.

या जनुकाला प्रभावी (एकाच प्रतीने परिणाम दाखवणारे) म्हणावे की अप्रभावी (दोन्ही प्रती लागणारे), हे कोणत्या पातळीवर पाहतो यावर अवलंबून आहे. रोगाच्या दृष्टीने ते अप्रभावी आहे, कारण वाहकाला सहसा काही त्रास होत नाही. प्रथिनाच्या दृष्टीने मात्र दोन्ही प्रती काम करतात आणि वाहकाच्या रक्तात हीमोग्लोबिन एसचे प्रमाण साधारण 35 ते 40 टक्के असते. ते नेमके 50 टक्के नसण्याचे कारण असे दिले जाते, की हीमोग्लोबिनमधील दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे अल्फा साखळीशी जोडी जमवताना सामान्य बीटा साखळी सरस ठरते. अल्फा थॅलॅसेमियामुळे अल्फा साखळ्यांचा तुटवडा असलेल्या वाहकांत एसचे प्रमाण याहूनही कमी आढळते, आणि त्यावरून या स्पष्टीकरणाला पुष्टी मिळते.

शोधाचा इतिहास : ग्रेनाडाहून दंतवैद्यक शिकण्यासाठी शिकागोत आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तातील लांबट, विळ्याच्या आकाराच्या पेशींचे वर्णन जेम्स हेरिक यांनी 1910 मध्ये प्रसिद्ध केले. पुढे 1917 मध्ये व्हिक्टर एमेल यांनी रुग्णाच्या वडिलांचे रक्त काचपट्टीवर बंद करून ठेवले असता त्यातील पेशीही वाकत असल्याचे दाखवले, तेव्हा हा दोष कुटुंबातून चालत येतो हे ध्यानात आले. त्यावरून 1923 मध्ये टॅलिआफेरो व हक यांनी एकाच प्रभावी जनुकाचे अनुमान काढले. पेशी वाकणे आणि रोग होणे यांत त्यांनी भेद केला नव्हता, आणि त्यांचे हे अनुमान सुमारे पाव शतक प्रचलित राहिले. जेम्स नील यांनी 1949 मध्ये रुग्णांच्या आई व वडील अशा दोघांच्याही रक्ताची तपासणी करून दोघेही वाहक असतात हे सिद्ध केले. त्याच वर्षी आफ्रिकेतील उत्तर ऱ्होडेशियात (आताचा झांबिया) काम करणारे बीट हेही स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला पोचले.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात लायनस पॉलिंग, हार्वी इटानो, सिंगर व वेल्स यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यांनी विद्युत् क्षेत्रात हीमोग्लोबिनची गती मोजली. ग्रस्त व्यक्तीचे हीमोग्लोबिन सामान्य हीमोग्लोबिनपेक्षा वेगळ्या गतीने सरकत होते आणि वाहकाच्या रक्तात दोन्ही प्रकार एकत्र सापडत होते. दोन्हींच्या विद्युत् भारांत प्रतिरेणू 2 ते 4 एककांचा फरक असावा, असा त्यांचा अंदाज होता. या निबंधाने ‘रेणवीय रोग’ ही संकल्पना रूढ झाली आणि नील यांचा कौटुंबिक पुरावा व रसायनशास्त्राचा पुरावा एकमेकांशी तंतोतंत जुळले. फरक रेणूत नेमका कोठे आहे, हे केंब्रिज येथे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी 1956 व 1957 मध्ये शोधले. ट्रिप्सिन या एंझाइमाने प्रथिनाचे तुकडे करून त्यांनी ते कागदावर दोन दिशांना पसरवले, तेव्हा सर्व ठिपक्यांपैकी एकाच ठिपक्याची जागा बदललेली दिसली. त्या तुकड्यात ग्लुटामिक अम्लाच्या जागी व्हॅलिन हे ॲमिनो अम्ल आलेले होते. ग्लुटामिक अम्लावर ऋण भार असतो व व्हॅलिनवर नसतो. हीमोग्लोबिनच्या रेणूत दोन बीटा साखळ्या असल्याने प्रतिरेणू दोन भारांचा फरक पडतो आणि पॉलिंग यांच्या मापनाचा उलगडा होतो.

रेणवीय स्वरूप : बीटा ग्लोबिन जनुक सुमारे 1,600 क्षारकजोड्यांचे, म्हणजे तसे लहान आहे. त्यात प्रथिनाची माहिती असलेले तीन खंड व त्यांच्या मध्ये अनुक्रमे 130 व 850 क्षारकजोड्यांचे दोन निरर्थक खंड आहेत. जनुकाची आरएनए प्रत निघाल्यावर हे मधले खंड कापून टाकले जातात आणि उरलेल्या संदेशाचे तीन-तीन क्षारकांच्या गटांनी वाचन होऊन 146 ॲमिनो अम्लांची साखळी बनते. सिकलसेलचा बदल पहिल्या खंडात आहे. तेथील ‘जी-ए-जी’ या ग्लुटामिक अम्लाच्या त्रिकातील मधल्या ‘ए’च्या जागी ‘टी’ येऊन ‘जी-टी-जी’ हे व्हॅलिनचे त्रिक बनते. हे स्थान जुन्या ग्रंथांत सहावे, तर अलीकडच्या प्रयोगशाळा-अहवालांत सातवे म्हणून दिलेले आढळते. साखळीच्या आरंभीचे मेथिओनीन तयार प्रथिनातून काढून टाकले जाते. ते मोजले तर हे स्थान सातवे ठरते व वगळले तर सहावे, आणि दोन्ही लेखनांत उल्लेख एकाच बदलाचा असतो. पश्चिम आफ्रिकेत आढळणाऱ्या हीमोग्लोबिन सीमध्ये याच त्रिकाचे पहिले अक्षर बदलून लायसिन आलेले असते. हे दोन बदल शेजारच्या अक्षरांत असले, तरी त्यांच्या परिणामांत पुष्कळ अंतर आहे.

साखळीच्या पृष्ठभागावर आलेले व्हॅलिन पाण्यापासून दूर राहू पाहते. ऑक्सिजन सोडल्यावर हीमोग्लोबिनचा आकार किंचित बदलतो, आणि शेजारच्या रेणूच्या बीटा साखळीवरील फेनिलॲलॅनीन (85) व ल्यूसीन (88) यांनी बनलेली खाच उघडी पडते. व्हॅलिन तीत नेमके बसते. असे रेणू जोडत जाऊन 14 धाग्यांचा एक तंतू तयार होतो. ऑक्सिजन पुन्हा मिळताच तंतू विरघळतो, परंतु वारंवार वाकलेल्या पेशीचे आवरण कायमचे निकामी होते.

निदानासाठी गावपातळीवर वापरली जाणारी सोल्युबिलिटी चाचणी याच गुणधर्मावर आधारलेली आहे. रक्ताचा थेंब सोडियम डायथायोनाइट असलेल्या द्रावणात टाकतात. ते रसायन ऑक्सिजन काढून घेते व हीमोग्लोबिन एस असल्यास द्रावण गढूळ होऊन परीक्षानळीमागे धरलेल्या कागदावरील रेघा दिसेनाशा होतात. वाहक व ग्रस्त या दोघांचेही द्रावण गढूळच होते, त्यामुळे एएस की एसएस हे ठरवण्यासाठी हीमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी करावीच लागते. डीएनएच्या पातळीवरील निदानात एक योगायोग उपयोगी पडला. ‘सी-सी-टी-जी-ए-जी-जी’ हा क्रम ओळखून तेथे डीएनए कापणारे एमएसटी 2 हे एंझाइम सिकलसेल जनुकाला त्या जागी कापू शकत नाही, कारण बदललेला ‘टी’ त्याच क्रमात पडतो. तुकड्यांच्या लांबीवरून गर्भाचे निदान करण्यासाठी 1982 पासून ही युक्ती वापरली गेली. डीएनएच्या प्रती वाढवण्याचे पीसीआर तंत्रही 1985 मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले, ते याच जनुकाच्या निदानाच्या निमित्ताने.

उगमाविषयीचा वाद : हा बदल मानवी इतिहासात एकदाच घडला की अनेकदा, या प्रश्नावर सत्तर वर्षे चर्चा चालू आहे. आफ्रिका, भूमध्य सागराचा परिसर, अरबस्तान व भारत असा या जनुकाचा विस्तार पसरलेला आहे. भारतात 1952 मध्ये लेमन व कटबुश यांना निलगिरीतील आदिवासींत, तर त्याच वर्षी डनलॉप व मजुमदार यांना आसामच्या चहामळ्यांतील मजुरांत ते आढळले. लेमन यांनी पुढे या जनुकाचा उगम अरबस्तानात होऊन तेथून ते आफ्रिका व भारत या दोन्ही दिशांना गेले असावे, असे मत मांडले. तेव्हाचा पुरावा मुख्यतः मानवशास्त्रीय साम्यांचा होता आणि वांशिक वर्गीकरणाच्या ज्या कल्पनांवर तो उभा होता, त्या आता ग्राह्य मानल्या जात नाहीत.

डीएनए-तंत्रांमुळे वादाचे स्वरूप बदलले. कान व डोझी यांनी 1978 मध्ये जनुकाच्या शेजारील एका छेदनस्थळाचा (एंझाइम डीएनए जेथे कापते त्या जागेचा) बदल सिकलसेलशी निगडित असल्याचे दाखवले. त्यानंतर बीटा ग्लोबिनच्या आजूबाजूची अनेक स्थळे तपासून त्यांचे संच, म्हणजे हॅप्लोटाइप, ठरवण्यात आले. पॅन्यिए व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 मध्ये बेनिन, सेनेगल व बांटू असे तीन आफ्रिकी संच वेगळे काढले. कुलोझिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1986 मध्ये ओडिशा आणि सौदी अरेबियाच्या पूर्व भागातील रुग्णांत आणखी एक, अरब-भारतीय म्हणून ओळखला जाणारा संच दाखवला. नंतर कॅमेरून संचाची भर पडली. एकच बदल पाच वेगवेगळ्या पार्श्वभूमींवर सापडतो, त्या अर्थी तो पाच वेळा स्वतंत्रपणे घडला असला पाहिजे, हे अनुमान त्यावरून निघाले व पाठ्यपुस्तकांत बराच काळ स्थिरावले.

या अनुमानाविरुद्धचा मुख्य आक्षेप असा, की बीटा जनुकाच्या लगतच गुणसूत्रांची अदलाबदल वारंवार होणारी जागा आहे. अशा अदलाबदलीने किंवा जनुकीय रूपांतरणाने (एका गुणसूत्रावरील लहान तुकड्याची नक्कल दुसऱ्यावर उतरण्याने) एकच मूळ बदल वेगवेगळ्या पार्श्वभूमींवर जाऊन बसू शकतो. जुने संच मोजक्या स्थळांवरून ठरवलेले असल्याने त्यांत हे दिसून येणे कठीण होते. श्राइनर व रोटिमी यांनी 2018 मध्ये संपूर्ण जनुकसंचाच्या वाचनावरून एकाच उगमाचा निष्कर्ष काढला. हा उगम सुमारे 7,300 वर्षांपूर्वी, सहारा हिरवा असतानाच्या आर्द्र काळात, तेथे किंवा पश्चिम-मध्य आफ्रिकेच्या वर्षावनात झाला असावा, असे त्यांनी म्हटले. 2019 मधील दुसऱ्या एका गणनेत हा काळ सुमारे 22,000 वर्षांपर्यंत मागे जातो. कालमापन उत्परिवर्तनाचा वेग व लोकसंख्येविषयीची गृहीतके यांवर अवलंबून असल्याने यांपैकी कोणताही आकडा निश्चित समजता येत नाही. आफ्रिकी संचांपुरता एकाच उगमाचा पक्ष आज अधिक सबळ दिसतो. अरब-भारतीय संचाबाबत मात्र या अभ्यासांतील नमुने मुख्यतः आफ्रिकी वंशाच्या लोकांचे होते हे विसरता कामा नये. भारतातील निरनिराळ्या आदिवासी समाजांच्या पूर्ण जनुकसंचांचा असाच अभ्यास झाल्याशिवाय त्याच्या उगमाचा प्रश्न मिटलेला आहे असे म्हणता येणार नाही.

हा घातक बदल टिकून का राहिला, याविषयी मात्र फारसे दुमत नाही. थॅलॅसेमियाच्या संदर्भात हाल्डेन यांनी 1949 मध्ये मलेरियाशी संबंध सुचवला होता. ॲलिसन यांनी 1954 मध्ये पूर्व आफ्रिकेतील पाहणीवरून सिकलसेलच्या वाहकांना फाल्सिपेरम मलेरियापासून संरक्षण मिळते हे दाखवले. हे संरक्षण पेशीच्या पातळीवर कसे मिळते, याविषयी एकाहून अधिक स्पष्टीकरणे दिली जातात.

महाराष्ट्रातील आढळ व तीव्रतेतील फरक : नागपूर भागातील आढळाची नोंद शुक्ला व सोळंकी यांनी 1958 मध्ये प्रसिद्ध केली. राज्यात हे जनुक मुख्यतः विदर्भात, त्यातही गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नागपूर या पूर्वेकडील जिल्ह्यांत, आणि सातपुड्यातील नंदुरबार व धुळे परिसरात आढळते. गोंड, माडिया, भिल्ल, पावरा या आदिवासी समाजांत तसेच विदर्भातील काही अनुसूचित जातींत व इतर मागासवर्गीय समाजांत त्याचे प्रमाण लक्षणीय आहे. हा निव्वळ आदिवासींचा आजार आहे हा समज त्यामुळे टिकत नाही, आणि त्या समजापायी इतर समाजांतील मुलांचे निदान लांबते, ही गंभीर बाब आहे.

अरब-भारतीय संचावर गॅमा ग्लोबिन (गर्भीय हीमोग्लोबिनमध्ये बीटाच्या जागी असणारी साखळी) जनुकाच्या अगोदर असलेला एक बदल आढळतो आणि त्यामुळे जन्मानंतरही गर्भीय हीमोग्लोबिन बऱ्याच प्रमाणात तयार होत राहते. गर्भीय हीमोग्लोबिन एसच्या तंतूत सामील होत नसल्याने तंतू बनण्याची क्रिया मंदावते. नवजात अर्भकात पहिले काही महिने लक्षणे दिसत नाहीत, त्याचे कारणही हेच. म्हणून भारतातील रोग आफ्रिकेतल्यापेक्षा सौम्य, असे विधान रूढ झाले. गुजरातमधील वलसाडच्या आदिवासी रुग्णांत ते बरेचसे खरे ठरले, कारण तेथे अल्फा थॅलॅसेमियाचीही सोबत होती. नागपूरच्या रुग्णांत मात्र तोच संच असूनही रोग तीव्र आढळला. सारख्याच अक्षराचे आणि सारख्याच शेजाराचे असे वेगवेगळे परिणाम का होतात, हे शोधताना इतर जनुके, पोषण व संसर्ग यांचा एकत्र विचार करावा लागतो.

केंद्र शासनाने 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले. त्यात 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवलेले आहे.

उपचार : गर्भीय हीमोग्लोबिन वाढवणारे हायड्रॉक्सियुरिया हे औषध सर्वाधिक वापरले जाते. गॅमा जनुके जन्मानंतर बंद ठेवणाऱ्या ‘बीसीएल 11 ए’ या जनुकाचा रक्तपेशींपुरता नियंत्रक भाग क्रिस्पर या जनुकसंपादनाच्या तंत्राने निकामी करणाऱ्या उपचाराला ब्रिटनमध्ये नोव्हेंबर 2023 मध्ये व अमेरिकेत डिसेंबर 2023 मध्ये मान्यता मिळाली, परंतु त्याचा खर्च सामान्य रुग्णाच्या आवाक्याबाहेरचा आहे. नागपूर येथे तीव्र आजार असलेल्या मुलांवर झालेल्या एका चाचणीत शरीराच्या वजनाच्या दर किलोग्रॅममागे रोज 10 मिलिग्रॅम एवढ्या कमी मात्रेच्या हायड्रॉक्सियुरियानेही वेदनेचे झटके व रक्त चढवण्याची गरज पुष्कळ कमी झाली. या मुलांत गर्भीय हीमोग्लोबिनचे प्रमाण औषध सुरू करण्यापूर्वीच जास्त होते.