बाजू संपता संपता फाटणारा आवाज

चोरबाजारात मटन स्ट्रीटवर घेतलेली जुनी एलपी (लाँग प्ले तबकडी) घरी लावावी, पहिली दोन गाणी स्वच्छ वाजावीत आणि शेवटच्या गाण्यात गायिकेचा 'स' फिसकारू लागावा, हा अनुभव मुंबईतल्या रेकॉर्डशौकिनांना नवा नाही. अशा वेळी सुई बदलण्याची घाई होते. पण दोषाचे मूळ पुष्कळदा तबकडीच्या इतिहासात असते.

लाखेच्या, मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकडीत खरखरीत भुकटी मुद्दामच मिसळलेली असे. पोलादी सुई तिच्यावर घासून खाचेच्या आकाराची होई आणि म्हणूनच दर बाजूला नवी सुई लावावी लागे. 1948 साली कोलंबिया कंपनीने 33⅓ फेऱ्यांची व्हायनल एलपी आणली तेव्हा खाच बारीक झाली. सुईच्या टोकाची त्रिज्या सुमारे 75 मायक्रॉनवरून 25 वर आली आणि 1958च्या सुमारास स्टिरिओ बाजारात आल्यावर 18च्या आसपास उतरली. पुढे कित्येक प्लेयरांच्या कार्ट्रिजला, म्हणजे सुई बसवलेल्या डबीला, दोन सुया आणि त्या फिरवणारा इवलासा खटका असे. तो 78 वरच राहिला, की जाड सुई एलपीच्या खाचेच्या भिंती खरवडून काढी. ही जखम कायमची असते. त्यामुळे आधी दुसरी, न झिजलेली तबकडी लावून पाहावी. ती स्वच्छ वाजली तर नव्या सुईवरचा खर्च वाचतो.

बाजूच्या शेवटी आवाज फाटण्याचे कारण मात्र एलपीच्या रचनेतच आहे. फेऱ्यांचा वेग तोच राहतो. पण बाहेरच्या कडेला सेकंदाला सुमारे 51 सेंटिमीटर खाच सुईखालून जाते, तर लेबलजवळ जेमतेम 21. तेवढ्या जागेत दाटलेली तार स्वरांची वळणे गोल टोकाच्या सुईला पकडता येत नाहीत. त्यात भर अशी, की तबकडी कोरणारे यंत्र सरळ रेषेत सरकते आणि आपला टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, कमानीत फिरतो. हा कोनाचा फरक दोन ठिकाणी शून्य व्हावा असे गणित संशोधक लोफग्रेन यांनी 1938 मध्ये आणि बेरवाल्ड यांनी 1941 मध्ये मांडले. कार्ट्रिज बसवण्याचे आजचे कागदी मापक त्याच गणितावर छापलेले असतात. सुईचा खाचेवरचा भार कमी ठेवला तर रेकॉर्ड कमी झिजते, हा गैरसमजही इथेच नडतो, कारण हलकी सुई खाचेत थरथरते. कार्ट्रिजच्या माहितीपत्रकात दिलेला भार छोट्या काट्यावर मोजून घ्यावा.

1954 पासून रूढ झालेल्या आरआयएए या ध्वनिमुद्रण प्रमाणानुसार खर्ज दाबून आणि तार स्वर उचलून ध्वनी कोरला जातो. वाजवताना हा बदल उलटवून आवाज मोठा करण्याचे काम फोनो प्रीअँप करतो. जुन्या सिरॅमिक कार्ट्रिजचे त्याच्यावाचून भागत असे, मॅग्नेटिकचे भागत नाही. तो नसेल तर आवाज क्षीण आणि चिरका येतो. प्लेयर आणि अँप्लिफायर दोन्हींतले प्रीअँप एकदम चालू राहिले तर मोठा आणि फाटका.

एकाच स्पीकरचा आवाज बिघडला असेल तर मुंबईच्या खारट, दमट हवेत हेडशेलच्या (कार्ट्रिज ज्यावर बसते त्या टोकाच्या) पिना काळवंडल्या आहेत का, ते पाहावे. त्या पुसूनही फरक पडला नाही, तर अँप्लिफायरमागच्या लाल-पांढऱ्या पिनांची अदलाबदल करावी: बिघाड दुसऱ्या स्पीकरवर सरकला तर दोष प्लेयरकडचा, जागचा हलला नाही तर अँप्लिफायर किंवा स्पीकरचा.