मालधक्क्याच्या जमिनीचे पुढे काय : जुन्या रेल्वे यार्डांच्या पुनर्विकासाची पार्श्वभूमी

बेळगावात पत्ता सांगताना ‘पहिल्या गेटाजवळ’, ‘दुसऱ्या गेटाच्या पलीकडे’ असे आजही सहज म्हटले जाते. ही गेटे म्हणजे टिळकवाडीतल्या लोहमार्गावरची फाटके. शहर स्वतःची अंतरे रेल्वेच्या फाटकांवरून मोजते, यावरूनच रेल्वेच्या जमिनीने त्याच्या रचनेला कसा आकार दिला याची कल्पना येते. जुन्या यार्डांच्या जागी घरे, कार्यालये आणि बागा असलेल्या नव्या वस्त्या वसवण्याचे प्रयोग अनेक देशांत झाले आहेत. तसे काही आपल्याकडे होऊ शकते का, हे तपासायचे तर आधी ही जमीन रेल्वेकडे कशी आली आणि तिचा वापर कशामुळे कमी झाला, हे पाहावे लागते.

1876 ते 1878 च्या भीषण दुष्काळात दक्षिण महाराष्ट्र आणि कर्नाटकात धान्य वेळेवर पोहोचू शकले नाही. त्या अनुभवातून 1882 मध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी स्थापन झाली. दुष्काळनिवारण हा तिचा जाहीर हेतू होता, तरी धारवाड-हुबळीकडचा कापूस गोव्यातल्या मुरगाव बंदरापर्यंत नेण्याचे व्यापारी गणितही त्यामागे होतेच. खर्च वाचावा म्हणून मार्ग मीटरगेज, म्हणजे 1000 मिलिमीटर रुंदीचा ठेवण्यात आला. त्याच दशकाच्या उत्तरार्धात लोंढा, बेळगाव आणि मिरज ही गावे या मार्गाने जोडली गेली.

त्या काळच्या रेल्वेला जमीन फार लागे. व्यापारी एकेक वाघीण, म्हणजे मालाचा डबा, भरून माल पाठवत आणि तशा निरनिराळ्या गावांच्या वाघिणी एकाच गाडीला जोडलेल्या असत. त्या सोडवायच्या, दुसऱ्या रुळावर ढकलायच्या आणि पुन्हा जुळवायच्या, यासाठी शेजारी-शेजारी अनेक रूळ टाकावे लागत. शिवाय वाफेच्या इंजिनाला कोळसा आणि पाणी हवे, मालधक्क्यावर बैलगाड्या वळवायला मोकळी जागा हवी आणि कर्मचाऱ्यांना चाळी हव्यात.

जागेची ओढाताण तेव्हाही होती. ठळकवाडीत, म्हणजे आजच्या टिळकवाडीत, नवे उपनगर वसवायचे म्हणून लक्ष्मणराव किर्लोस्करांना आपला कारखाना तिथून हलवावा लागला. 1910 मध्ये तो औंध संस्थानात कुंडल रोड स्टेशनाजवळ गेला आणि तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. बेळगावने गमावलेला उद्योग याच लोहमार्गावर पुढे जाऊन वसला, ही गोष्ट पुनर्विकासाच्या चर्चेत सहसा कोणी काढत नाही.

1971 मध्ये पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज झाला, मिरजेच्या दक्षिणेचा मात्र मीटरगेजच राहिला. पुढची वीसेक वर्षे बेळगावच्या प्रवाशाला मुंबईकडे जाताना मिरजेत सामानसुमानासह गाडी बदलावी लागे, आणि माल हमालांच्या पाठीवरून एका वाघिणीतून दुसरीत जाई. 1992 मध्ये देशभर एकच गेज करण्याचे धोरण आले आणि त्या दशकात इकडचाही मार्ग रुंद झाला. त्याआधीच रेल्वेने सुट्या वाघिणींऐवजी एकाच ठिकाणाहून एकाच ठिकाणी जाणारे अख्खे रेक, म्हणजे पूर्ण मालगाड्या, चालवण्यावर भर दिला होता, आणि किरकोळ माल ट्रककडे वळला होता. वाघिणी जुळवण्याचे कामच उरले नाही, वाफेची इंजिनेही गेली. यार्डे रिकामी पडण्याचे खरे कारण हे आहे.

जमिनीची मालकी मात्र रेल्वेकडेच राहिली. सदर्न मराठा कंपनीचा कारभार पुढे मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेत गेला, 1951 मध्ये दक्षिण रेल्वेकडे, नंतर दक्षिण मध्य रेल्वेकडे आणि 2003 पासून हुबळीत मुख्यालय असलेल्या दक्षिण पश्चिम रेल्वेकडे आला. मिरज मध्य रेल्वेत आहे. 1956 मध्ये राज्याची सीमा बदलली, तशी रेल्वेचीही सीमा या पट्ट्यात अनेकदा हलली. देशभरात रेल्वेकडे सुमारे 4.8 लाख हेक्टर जमीन आहे आणि तीपैकी 62 हजार हेक्टरच्या आसपास मोकळी आहे. पण ही मोकळी जमीन बहुतांशी रुळांलगतच्या अरुंद पट्ट्यांत विखुरलेली आहे. व्यापारी वापराला योग्य असे तुकडे विकसित करण्यासाठी रेल्वे कायद्यात 2005 मध्ये दुरुस्ती करून रेल्वे भूमी विकास प्राधिकरणाची तरतूद झाली. महापालिकेला या जमिनीवर परस्पर काही करता येत नाही.

लंडनच्या किंग्ज क्रॉसचे उदाहरण नेहमी दिले जाते, पण त्याला लागलेला वेळ सांगितला जात नाही. सुमारे 67 एकरांच्या त्या यार्डात 1850 च्या दशकापासून कोळसा आणि धान्य उतरत असे. विकसक 2001 च्या सुमारास ठरला, बांधकामाची मुख्य परवानगी 2006 मध्ये मिळाली, धान्याच्या जुन्या गोदामात कला महाविद्यालय 2011 मध्ये आले आणि कोळशाच्या जुन्या धक्क्यांवरचा बाजार 2018 मध्ये उघडला. तिथे सुमारे 1,900 घरांइतकेच महत्त्व 20 नव्या रस्त्यांना दिले गेले. ज्या आवारातून दीड शतक बाहेरच्या माणसाला आरपार जाता येत नव्हते, तिथून शहराचे रस्ते गेले.

बेळगावात आजवर झालेले काम वेगळ्या स्वरूपाचे आहे. सुमारे 190 कोटी रुपये खर्चून पुनर्विकसित केलेल्या स्टेशनाचे लोकार्पण 27 फेब्रुवारी 2023 रोजी झाले, आणि त्याच दिवशी लोंढा-बेळगाव-घटप्रभा दुहेरी मार्गाचेही. दुसऱ्या रुळाला जागा लागतेच, त्यामुळे रिकामी दिसणारी प्रत्येक पट्टी शिल्लक आहे असे मानणे चुकीचे ठरेल. कपिलेश्वर, खानापूर रोड आणि तिसरे गेट इथे उड्डाणपूल झाले; त्यांनी वाहनांची सोय झाली, पायी जाणाऱ्याला मात्र चढ-उताराचा वळसा पडतो. जिथे अजून फाटक आहे, तिथे दुहेरी मार्गामुळे एक गाडी गेल्यावरही कधीकधी फाटक उघडत नाही. समोरून दुसरी येत असते, आणि काँग्रेस रोडवर दुचाक्यांची रांग तेवढा वेळ तशीच उभी राहते.