लोकर धुता धुता चेहऱ्यापर्यंत

फेस वॉशची ट्यूब उलटी करून मागची बारीक अक्षरे वाचायची सवय अलीकडे बऱ्याच जणांना लागली आहे. पुढच्या बाजूला टपोरा ‘सौम्य’ आणि मागे सोडियम कोकोइल आयसेथिओनेट, कोकॅमिडोप्रोपाइल बीटेन, डेसिल ग्लुकोसाइड अशी जीभ अडखळवणारी रांग. ही नावे वाचून वाटते, कुणीतरी प्रयोगशाळेत नाजूक त्वचेचा विचार करत बसले असेल आणि त्यातून ही द्रव्ये निघाली असतील. इतिहास मात्र गिरणीच्या वाटेने येतो. यांतल्या काहींचा जन्म कापड आणि लोकर धुण्याच्या गरजेतून झाला, काहींचा चरबीच्या टंचाईतून. त्वचेची आठवण नंतर झाली.

आधी तक्रार साबणाविषयी होती. तेल किंवा चरबी आणि अल्कली एकत्र शिजवली की साबण होतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शव्हरल यांनी 1823 मध्ये चरबीतली मेदाम्ले उलगडून दाखवली, तेव्हा कढईत नेमके काय घडते ते कळले. साबणाच्या रेणूला दोन टोके असतात. एकाला पाणी आवडते, दुसऱ्याला तेल. तेलाचे टोक मळाला चिकटते, पाण्याचे टोक त्याला ओढून नेते. अडचण दोन ठिकाणी. साबणाच्या पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, 9 ते 10 च्या आसपास असतो. शिवाय पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असले की साबण त्यांच्याशी जुळून पांढरा चिकट साका होतो. अशा पाण्याला शाळेच्या पुस्तकात ‘दुष्फेन’ म्हणत. इतका नेमका शब्द आपण परीक्षेनंतर विसरून गेलो, याची मला खंत आहे.

या साक्याचा खरा वैताग कापड गिरण्यांना होता. रंगवलेल्या कापडावर तो डाग पाडी. त्यात पहिल्या महायुद्धात जर्मनीत चरबीचा तुटवडा पडला, आणि चरबी न वापरता साबणासारखे काम करील असे काही शोधणे भाग झाले. त्या काळात सुरू झालेल्या खटपटीतून पुढे दोन धागे निघाले. पहिला मेद-अल्कोहोलच्या, म्हणजे तेल-चरबीसारखी लांब साखळी असलेल्या अल्कोहोलच्या, सल्फेटांचा. यांतले सोडियम लॉरिल सल्फेट, म्हणजे आज बदनाम झालेले एसएलएस. अमेरिकेत 1933 मध्ये ‘ड्रेफ्ट’ ही धुलाईची पावडर आणि 1934 मध्ये ‘ड्रीन’ हा शाम्पू या सल्फेटांवर आला. दुष्फेन पाण्यातही फेस, केसांवर साका नाही. त्या काळच्या हिशेबाने ही मोठी सुधारणा होती. केस मात्र इतके ‘स्वच्छ’ होत की रुक्ष पडत.

दुसरा धागा ‘इगेपॉन’चा. आय. जी. फार्बेन या जर्मन कंपनीने 1930 च्या सुमारास कापडासाठी ही मालिका काढली. एका प्रकारात मेदाम्ल आयसेथिओनिक आम्लाशी जोडले होते, दुसऱ्यात मिथाइल टॉरीनशी. आज महागड्या क्लेन्झरवर ‘आयसेथिओनेट’ किंवा ‘टॉरेट’ दिसते, ते याच कुळातले. गिरणीला त्यांचे कौतुक वाटे ते दुष्फेन पाण्यात टिकतात म्हणून. त्वचेला ती कमी बोचतात, हा गुण तेव्हा कुणाच्या खिजगणतीत नव्हता.

त्वचेची बाजू वेगळ्या वाटेने पुढे येत होती. शाडे आणि मार्किओनिनी या जर्मन संशोधकांनी 1928 मध्ये त्वचेच्या ‘आम्ल-आवरणा’ची कल्पना मांडली. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, सामू साधारण 5 च्या आसपास. साबण तो वर ढकलतो. निरोगी त्वचा काही तासांत पूर्ववत होते, पण इसब असलेल्या किंवा दिवसभर हात धुणाऱ्या माणसाला ही उसंत मिळत नाही. साबणाविना धुणारी वडी करावी, हा विचार त्यातून बळावला. अशा वडीला त्वचारोगतज्ज्ञ ‘सिंडेट’ म्हणतात. सिंथेटिक आणि डिटर्जंट यांची ती सांगड.

यातली सर्वांत गाजलेली वडी 1957 मध्ये अमेरिकेत आली : ‘डव्ह’. तिच्यात आयसेथिओनेट होते, म्हणजे गिरणीतल्या इगेपॉनचे चुलत भावंड, आणि सोबत भरपूर स्टिअरिक आम्ल हे मेदाम्ल. तिच्या आधीच, 1950 च्या दशकात, डोळ्यांना न झोंबणारा बाळांचा शाम्पूही बाजारात आला होता. त्यात डोळे बधिर करणारे औषध असते ही अफवा अजून फिरते. ती खोटी आहे. त्यात उभयधर्मी द्रव्ये वापरली होती. त्यांच्या एकाच रेणूवर धन आणि ऋण असे दोन्ही प्रभार येऊ शकतात. एसएलएससारख्या ऋणप्रभारी द्रव्याच्या संगतीत ती अशी गुंततात की मिश्रण एकेकट्यापेक्षा मवाळ होते.

हे असे का, याचे उत्तर मायसेलमध्ये आहे. पाण्यात असे मळ काढणारे द्रव्य ठरावीक प्रमाणापलीकडे गेले की त्याचे रेणू तेलाची टोके आत आणि पाण्याची बाहेर अशा गोलात जमतात. या गोलाला मायसेल म्हणतात. ही कल्पना रसायनशास्त्रज्ञ मॅकबेन यांनी 1913 मध्ये मांडली. पुढे बरीच वर्षे समज असा होता की त्वचेत शिरतात ते सुटे रेणू, गोल बाहेरच राहतो. लहान मायसेलही आत शिरू शकतात असे नंतर दिसले. म्हणून रेणूचे डोके मोठे करा किंवा जोडीला दुसरे द्रव्य घाला, म्हणजे सुटे रेणू कमी आणि गोल मोठे. एसएलएसच्या मधोमध इथिलिन ऑक्साइडचे दोन-तीन मणी ओवले की एसएलईएस, म्हणजे सोडियम लॉरेथ सल्फेट, होते. नावात एका अक्षराचा फरक, त्वचेवर बऱ्यापैकी. एसएलएस इतके खात्रीने त्वचा चुरचुरवते की त्वचेच्या प्रयोगांत ते मुद्दाम, मापदंड म्हणून लावतात. पण त्याने कर्करोग होतो, हा 1990 च्या दशकाअखेर ईमेलवरून पसरलेला निरोप निराधार होता. चुरचुर वेगळी, कर्करोग वेगळा.

‘सौम्य’ मोजायचे कसे? 1979 मध्ये फ्रॉश आणि क्लिगमन या त्वचारोगतज्ज्ञांनी एक कसोटी प्रसिद्ध केली. स्वयंसेवकांच्या हाताच्या आतल्या बाजूवर छोट्या वाट्यांमध्ये साबणाचे 8 टक्के द्रावण भरून चिकटवायचे आणि पाच दिवस हे चालू ठेवायचे. मग लाली किती, कोंडा किती, भेगा किती ते पाहायचे. बाजारातल्या अठरा वड्या तपासल्या, आणि फरक डोळ्यांनी दिसेल इतका मोठा निघाला. सर्वांत मवाळ ठरली डव्ह. चेहरा धुताना साबण पाच दिवस कुणी ठेवत नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण तोवर सौम्यपणा हा जाहिरातीचा शब्द होता. आता त्याला गुण देता येऊ लागले.

नंतरच्या द्रव्यांची कुळकथा थोडक्यात. अजिनोमोटो या जपानी कंपनीकडे चवीच्या धंद्यामुळे ग्लुटामिक आम्ल मुबलक होते. 1970 च्या दशकात त्यातूनच अमिनो आम्लाची क्लेन्झर द्रव्ये बाजारात आली. साखर आणि मेद-अल्कोहोल यांचे ग्लुकोसाइड तर फार जुने. जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी त्याची सर्वांत साधी भावंडे 1893 मध्येच बनवली होती, पण मोठा कारखाना हेंकेल या जर्मन कंपनीने अमेरिकेत उभारला तो 1992 मध्ये. मोठ्या कारखान्यापर्यंत पोहोचायला या रसायनाला जवळजवळ शंभर वर्षे लागली!

अॅलर्जीचा हिशेब मात्र निराळा. अमेरिकेतील कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटी दरवर्षी एक ‘वर्षाचा अॅलर्जीकारक’ घोषित करते. 2004 मध्ये तो मान कोकॅमिडोप्रोपाइल बीटेनला मिळाला, 2017 मध्ये ग्लुकोसाइडांना. दोन्ही मवाळ गटातली. बीटेनच्या बाबतीत दोष बराचसा त्यात उरणाऱ्या कच्च्या मालाचा, म्हणजे अमिडोअमाइन आणि डीएमएपीए यांचा असतो. शुद्धीकरण नीट झाले तर त्रास कमी होतो. एसएलएस बोचते पण अॅलर्जी क्वचितच देते. बीटेन बोचत नाही, पण एखाद्याला नडते. म्हणून ‘सल्फेटमुक्त’ हा शिक्का फार तर एका गटातली द्रव्ये नसल्याचे सांगतो. बाकीचे काय आणि किती, ते त्याच्या कक्षेत येत नाही. मागची यादीही पूर्ण बोलत नाही : घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, पण टक्के लिहीत नाहीत, आणि एका टक्क्याखालचे घटक कोणत्याही क्रमाने लावायची मुभा असते.