हृदयतालविकार आणि मोठी शस्त्रक्रिया

हृदयतालविकार आणि मोठी शस्त्रक्रिया : हृदयाच्या ठोक्यांची गती किंवा नियमितता बिघडलेल्या रुग्णाची मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी, ती चालू असताना व नंतर घ्यावयाची काळजी. अशा रुग्णांत अलिंद तंतुकंपन (एट्रियल फिब्रिलेशन; हृदयाचे वरचे कप्पे अनियमितपणे थरथरणे) असलेले सर्वाधिक आढळतात.

भूल आणि ठोक्यांची लय यांच्या संबंधाची चर्चा क्लोरोफॉर्ममुळे सुरू झाली. १८४८ च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये पायाचे नख काढण्यासाठी क्लोरोफॉर्म दिलेली हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी काही मिनिटांत दगावली. अशा मृत्यूंत आधी श्वास थांबतो की हृदय, हा वाद पुढे अर्धशतकाहून अधिक चालला. हैदराबाद संस्थानात डॉक्टर एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने १८८८ व १८८९ मध्ये दोन आयोग बसले. श्वसन आधी बंद पडते, तेव्हा भूल देणाऱ्याने नाडीपेक्षा श्वासाकडे पाहावे, असा त्यांचा निष्कर्ष होता. १९११ च्या सुमारास गुडमन लेव्ही यांनी मांजरांवरील प्रयोगांतून दाखवले की, भूल हलकी असताना अ‍ॅड्रेनॅलिन वाढले तर निलय तंतुकंपन (हृदयाचे खालचे कप्पे नुसतेच थरथरणे) होऊन हृदय एकाएकी निकामी होते. अचानक झालेल्या मृत्यूंचा उलगडा लेव्हींच्या मताने अधिक चांगला होतो. मात्र अतिमात्रेने श्वास थांबतो हेही खरे असल्याने लॉरी सर्वस्वी चुकले, असे म्हणता येत नाही.

वेदना व भीती यांनी अ‍ॅड्रेनॅलिन आजही वाढते. त्याला आवर घालणारी बीटा-रोधके आधीपासून चालू असतील, तर ती सहसा शस्त्रक्रियेच्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर दिली जातात. मात्र ऐन वेळी मोठ्या मात्रेत नव्याने सुरू करणे घातक ठरू शकते. २००८ मधील पॉइझ या वैद्यकीय चाचणीत मेटोप्रोलॉल या बीटा-रोधकामुळे हृदयविकाराचे झटके घटले, पण पक्षाघात व मृत्यू वाढले.

अलिंद तंतुकंपनात खरा पेच रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा असतो : चालू ठेवली तर रक्तस्राव, थांबवली तर गुठळी. त्यांपैकी वॉरफरिन साधारण ५ दिवस आधी बंद करतात. मधल्या काळात हेपारिन या रक्त पातळ करणाऱ्या दुसऱ्या औषधाची इंजेक्शने देण्याची प्रथा बराच काळ होती. २०१५ च्या ब्रिज चाचणीत (१,८८४ रुग्ण) इंजेक्शने न घेतलेल्यांत गुठळीजन्य विकार ०.४%, तर घेतलेल्यांत ०.३% आढळले. मोठा रक्तस्राव मात्र अनुक्रमे १.३% व ३.२% होता. त्यामुळे ही प्रथा आता बहुतेकांसाठी सोडून देण्याकडे कल आहे. कृत्रिम धातूची झडप असलेल्यांचा विचार वेगळा करावा लागतो.

पेसमेकर असल्यास अडचण विद्युत्-दहनयंत्राची (कॉटरी; विजेने ऊतक कापणारे व रक्तस्राव थांबवणारे उपकरण) असते. त्याचा प्रवाह म्हणजे हृदयाचेच ठोके, असा पेसमेकरचा समज होऊन तो स्पंदने देणे थांबवतो. यासाठी कॉटरी थोड्या-थोड्या वेळाने, क्षणभरच चालवतात व प्रवाह शरीरातून परत नेणारी पट्टी अशी लावतात की प्रवाह यंत्रावरून जाऊ नये. छातीवर लोहचुंबक ठेवला की बहुतेक पेसमेकर ठोके न जोखता ठराविक गतीने चालू लागतात. आयसीडीवर (घातक लय थांबवण्यासाठी हृदयाला विजेचा झटका देणारे, शरीरात बसवलेले यंत्र) तोच चुंबक ठेवल्यास विजेचे झटके थांबतात, पण स्पंदन देण्याची पद्धत सहसा बदलत नाही. चुंबकावर सरसकट विसंबणे म्हणूनच धोक्याचे.

लांब क्यूटी (ईसीजीवरील क्यूटी हे अंतर लांबणे) या आनुवंशिक विकारात उलटीवरील ऑनडॅनसेट्रॉनसारखी नेहमीची औषधेही टाळतात; पोटॅशियम व मॅग्नेशियम घटू देत नाहीत.

आयसीडीचे झटके बंद केले असल्यास ते पुन्हा सुरू होईपर्यंत रुग्णाला मॉनिटरवरून काढत नाहीत.