नळ गळतोय की भिंतीतला पाइप?

इंदुरात रामबागेतल्या आमच्या भाड्याच्या घरात ओट्यामागची भिंत ओली व्हायला लागली, तेव्हा घरमालक काकू म्हणाल्या, "वॉशर गेला असेल, बदलून घ्या." आम्ही दोनदा बदलला. नळ कोरडा ठणठणीत, तरी भिंतीचे पोपडे पडतच राहिले. शेवटी प्लंबरने टाइल काढली, तर आतला लोखंडी एल्बो, म्हणजे पाइपच्या वळणावरचा जोड, गंजून चाळणी झालेला.

नळ गळो की पाइप, आपण "पाणी गळतंय" एवढंच म्हणतो. पैसे कोणी द्यायचे, हे मात्र त्या फरकावर ठरतं. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यात तशी यादीच दिली आहे: नळ, वॉशर, बेसिन, कमोड, गीझर यांची दुरुस्ती आणि नाली साफ करणं भाडेकरूकडे, पाइप बदलणं घरमालकाकडे. करारात वेगळं ठरलं असेल तर तसं. हा कायदा नमुन्यादाखल आहे, राज्याने स्वीकारला तरच लागू होतो. पण घरातल्या घरात वाद मिटवायला ही यादी मला फार उपयोगी वाटते. आपल्याकडच्या 1961 च्या मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियमातही घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचंच काम आहे.

गळती नेमकी कुठे आहे, ते प्लंबर येण्याआधी बघता येतं. रात्री टाकी भरली की मोटर आणि सगळे नळ बंद करा आणि पाण्याच्या पातळीवर खूण करा. सकाळी पातळी उतरलेली दिसली तर आधी फ्लश तपासा. त्याच्या टाकीत खाण्याचा रंग टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. कमोडमध्ये रंग उतरला तर आतलं रबर गेलंय, ते आपण बदलायचं. फ्लश ठीक, एकही नळ टपकत नाही, तरी पाणी कमी होतंय? मग बहुतेक पाइपच. नर्मदेचं पाणी इंदुरात 70 किलोमीटरवरून उपसून येतं. ते असं रात्रभर भिंतीत मुरताना बघून जीव हळहळतो.

पाइप भिंतीतला म्हणून दरवेळी मालकाचाच, असंही नाही. फोटो टांगायला तुम्ही ड्रिल मारलं आणि पाइप फुटला, तर खर्च तुमचा. उलट, राहायला आलात त्या दिवशीच नळ टपकत होता, तर तो मालकाने बदलून द्यायला हवा. म्हणून सामान लावण्याआधी प्रत्येक नळ उघडून व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी मालकांना पाठवा.

मालक दाद देत नसतील तर लेखी कळवा, व्हॉट्सॲपवर का होईना. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 108 प्रमाणे, मालकाने करायची दुरुस्ती कळवूनही वाजवी मुदतीत झाली नाही, तर भाडेकरू ती करून घेऊन खर्च भाड्यातून वळता करू शकतो. पावती मात्र जपून ठेवा.

काकूंना आम्ही तो एल्बो हातात नेऊन दाखवला. पाइप आणि टाइलचे पैसे त्यांनी दिले, नवा नळ आम्ही घेतला.